गावाची रात्र कोणी राखायची?

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणीचा एक नियम नोंदवलेला आहे. गावात चोरी झाली की जागल्याने, म्हणजे गावच्या राखणदाराने, चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि तिथल्या जागल्याला तो पटला, की पहिलं गाव सुटलं. पुढचा शोध शेजारच्या गावाकडे. असा माग शिवेवरून शिवेवर जायचा आणि ज्या गावापाशी तो शेवटी लागायचा, चोरीची भरपाई त्या गावाच्या अंगावर यायची.

मी कऱ्हाकाठच्या एका गावची पोलीस पाटील आहे. आमच्या गच्चीवरून पुरंदर किल्ला दिसतो. तालुक्याच्या ठाण्यात गुन्हा नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न असतो, घटना कोणाच्या हद्दीत घडली? त्यामुळे मागाचा हा नियम वाचताना मला तो जुनापुराणा वाटला नाही. पण त्यापुढचं एक कलम वाचून मी थांबले. भरपाईची रक्कम आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून घ्यायची आणि उरलेली गावावर बसवायची. आधी जागल्या, मग गाव. ही सक्ती अन्यायाची आहे आणि ती पुरी क्वचितच वसूल होते, हेही एल्फिन्स्टनने तिथेच लिहून ठेवलं आहे.

महाराष्ट्रातल्या गावराखणीचा दोनशे वर्षांचा इतिहास मला या क्रमात दिसतो. राखण साऱ्या गावाची, असं आपण म्हणत आलो. तिचं ओझं मात्र ज्याला नाही म्हणता येत नव्हतं, त्याच्या गळ्यात घालत आलो. जिथे ओझं खरोखर वाटून घेतलं, तिथे रात्र सुखाची गेली.

जुन्या गावगाड्यात राखणीचा प्रमुख पाटील. त्याच्या हाताखाली जागल्या. आमच्या पुणे-सातारा भागात हे काम रामोश्यांकडे असे, खानदेशात भिल्लांकडे, सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात कोळ्यांकडे. वेशीवर वेसकर, तो महार. रात्री गावात फेरी घालायची, गावात कोण आलं आणि कोण गेलं याची खबर ठेवायची, अनोळखी माणूस दिसला की पाटलाच्या कानावर घालायचं, ही जागल्याची कामं. त्याला गावातल्या एकूणएक माणसाची चालचलणूक ठाऊक असणं अपेक्षित होतं. चोरी झाली की चोर कुठल्या घरातला असू शकेल, याचा अंदाज त्याला सकाळपर्यंत आलेला असे, कारण कोणाकडे पाहुणा उतरलाय, कोण कर्जात बुडालाय, कोणाचा मुलगा आठवडाभर गायब आहे, हे त्याला माहीत असे. मोबदला म्हणजे सुगीत मिळणारं धान्य आणि कुठे कुठे थोडी इनाम जमीन.

पोलीस खात्याला आज हजार कॅमेरे लावून जे कळत नाही, ते या माणसाला रोजच्या वावरातून कळत होतं. त्याचं हे ज्ञान गावाची मोठी ठेव होती. गावाने ती ठेव वापरली आणि ती सांभाळणाऱ्याला मात्र गावाबाहेर ठेवलं.

वेसकराचंच घ्या. महारकी हे वतन म्हणवलं जाई. पण त्या वतनाला कामाची वेळ नव्हती आणि कामाची यादीही नव्हती. दिवसरात्र केव्हाही हाक आली की निघायचं. टपाल पोचवायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचं, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि रात्री वेस राखायची. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाने, भावाने, घरातल्या कोणीतरी जायचं. बदल्यात जमिनीचा एक तुकडा, जो पिढ्यान्‌पिढ्या वाटून वाटून नावापुरता उरलेला, आणि बलुत्याचं धान्य, तेही गावाच्या मर्जीवर. हक्काचं बलुतं मागितलं म्हणून बहिष्कार पडल्याच्या कहाण्या आपल्याकडे कमी नाहीत. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करून या माणसांना ठरलेलं काम आणि ठरलेला मोबदला मिळावा, आणि ज्यांना वतनातून मोकळं व्हायचं आहे त्यांना होता यावं, हे त्यामागचं म्हणणं. विधेयक पुढे गेलं नाही. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला घरी जाऊन स्वतःच्या इच्छेने झोपण्याचा हक्क मिळायला स्वातंत्र्यानंतरही दहा-अकरा वर्षं गेली.

रामोश्यांची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरच्या डोंगरावर घडली. पुरंदर किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. पेशवाईच्या अखेरीच्या काळात ती त्यांच्या हातून निसटली आणि कंपनी सरकार आल्यावर उरलेसुरले हक्कही गेले. राखणदाराचं वतन गेलं, की त्याच्या हाती राहतं काय? डोंगरातल्या वाटांची माहिती, रात्री जागण्याची सवय आणि हत्यार. पुरंदर तालुक्यातल्या भिवडी गावी १७९१ साली जन्मलेल्या उमाजी नाईकांनी याच बळावर कंपनी सरकारला काही वर्षं झोप लागू दिली नाही. सरकारने मधे त्यांना माफी देऊन चाकरीतही घेतलं होतं. राखणीचं काम दिलं की हा माणूस आपल्या बाजूला येईल, एवढं सरकारला कळलं होतं. ते जमलं नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी दिली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनेच पुढे १८३३ मध्ये रामोश्यांविषयी पुस्तक लिहिलं. ज्यांनी किल्ला राखला त्यांच्याबद्दलची एवढी तपशीलवार माहिती शेवटी त्यांच्यावर नजर ठेवायला उपयोगी पडली.

मग कायदे आले. १८६७ साली मुंबई इलाख्यात गावपोलिसांचा कायदा झाला आणि पाटलाची राखण सरकारी चौकटीत बसली. पोलीस पाटील हे पद तिथून रुळलं. गावच्या जागल्यांवर देखरेख, गुन्ह्याची खबर वर पाठवणं, संशयास्पद मृत्यू झाला की पंच जमवून चौकशी करणं, शिवीगाळ-धक्काबुक्कीसारख्या किरकोळ बाबी गावातच निस्तरणं, अशी कामं त्याच्याकडे आली. पाटील आता गावापेक्षा मामलेदाराला जास्त जबाबदार झाला.

त्याच सुमारास, १८७१ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल देशभर पसरवता आला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपारधी, कैकाडी, वडार यांच्याबरोबर रामोशी आणि बेरड आहेत. म्हणजे ज्या दोन जमातींनी दख्खनचे किल्ले आणि गावं राखली, त्यांची नावं त्या यादीत आली. आमच्या रामोशवाडीतल्या एका आजोबांनी मला एकदा सांगितलं, ‘ताई, गाव राखायचं तर आम्ही, आणि चोरी झाली तर पहिली झडती आमचीच.’ त्यांच्या या वाक्यात जे आहे, ते मला अहवालांच्या ढिगात सापडलं नाही.

स्वतंत्र महाराष्ट्राने ही जुनी घडी मोडली, ते बरं झालं. १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतनं गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली आणि वसुलीचं काम पूर्णपणे तलाठ्याकडे गेलं. १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला. पोलीस पाटीलकी घराण्यातून बाहेर पडली. दहावी झालेला, गावात राहणारा, परीक्षा आणि मुलाखतीत उतरणारा माणूस प्रांताधिकारी नेमतात. बायकांसाठी राखीव जागा आल्या म्हणून माझ्यासारखीच्या हाती हे काम आलं. माझ्या सासरच्या घराण्यात पाटीलकी कधी नव्हती. सुरुवातीला लोक माझ्या नवऱ्याला ‘पोलीस पाटील’ म्हणून हाक मारायचे आणि पंचनाम्याला त्यांनाच बोलवायचे. आता अपरात्री दार वाजतं ते माझ्या नावाने.

कायद्याने माझ्याकडे दिलेलं काम थोडक्यात असं: गावातल्या गुन्ह्यांची, आरोग्याची, एकूण परिस्थितीची खबर वर देत राहायचं, शांततेला धोका दिसला तर वेळेत कळवायचं, पोलिसांना तपासात मदत करायची, आकस्मिक मृत्यू झाला की ठाण्याला कळवून जागा राखायची. मानधन २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजारांवर गेलं. पूर्वीपेक्षा बरंच, पण जबाबदारीच्या मानाने अजून थोडंच.

एक प्रसंग सांगते, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. वाटाण्याचा हंगाम होता. पहाटे एक शेतकरी धापा टाकत आला. विहिरीवरची केबल कापून नेली होती, स्टार्टरचा डबा फोडला होता, मोटारीला दोर बांधून ती अर्धी वर ओढलेली आणि तशीच सोडलेली. आमच्याकडे केबल, मोटारी, डीपीतलं तांबं यांच्या चोऱ्या नित्याच्या. शेतकऱ्याला पैशांपेक्षा जास्त टोचतं ते पाण्याची पाळी चुकणं. मी पोचले तेव्हा विहिरीभोवती वीसेक माणसं जमली होती आणि ओल्या मातीत चपलांचा चिखल झाला होता. सगळ्यांना बांधापलीकडे उभं केलं. विहिरीच्या काठापासून ओढ्याकडे जाणारे दोन माणसांचे ठसे अजून शाबूत होते. एकाच्या पायात बूट होते, दुसरा अनवाणी, आणि त्याचा डावा पाय बाहेर फाकलेला. जवळच्या घरातून चार घमेली आणि एक पाटी आणवली आणि चांगल्या ठशांवर पालथी घातली, वर दगड ठेवले. ठाण्याचे हवालदार येईपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून शेतकऱ्याच्या आईला तिथे बसवलं. हवालदार आले, मोजमाप झालं, पंचनाम्यावर सह्या झाल्या.

ही घमेली पालथी घालण्याची शिकवण मला रामोशवाडीतल्या त्याच आजोबांनी दिली. वारा आणि ऊन लागलं की ठशाच्या कडा ढासळतात, म्हणून आधी झाकायचं, मग बघायचं. माग ओढ्यापलीकडे कुठे निघेल, हेही त्यांनीच दाखवलं. ओढ्यातला वाळूचा पट्टा ओलांडून तो डांबरी रस्त्याला लागला आणि तिथे मोटारसायकलच्या चाकांत मिसळला. शीव संपली, माग तुटला. पण अनवाणी माणसाचा तो फाकलेला पाय शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांनी ओळखला आणि पुढचं काम सोपं झालं. एल्फिन्स्टनने लिहिलेली साखळी त्या दिवशी मी प्रत्यक्ष पाहिली. फरक एवढाच, की भरपाईचा बोजा आजोबांवर बसला नाही.

चोऱ्या वाढल्या की गाव गस्त घालतं. कायदा आणि पोलीस ग्राम सुरक्षा दल म्हणतात, गावात सगळे गस्तच म्हणतात. माझ्या घरी गस्तीची एक लांबट वही आहे. तारीख, पाळी, नावं, सही. पहिल्या आठवड्यात वही भरभरून असते. तरुण पोरं बॅटऱ्या, शिट्ट्या, काठ्या घेऊन निघतात, मारुतीच्या पारावर चहा होतो. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बागायतदारांच्या घरातली नावं गळायला लागतात. ‘गड्याला पाठवतो, ताई.’ तिसऱ्या आठवड्यात वही वाचली की कळतं, सलग रात्री कोण जागतंय. भूमिहीनांची पोरं, वाडीवरची पोरं, दिवसभर रोजावर जाऊन रात्री पुन्हा काठी घेणारी. मळ्यातल्या मोटारी कोणाच्या आणि जागतंय कोण! वतनं कायद्याने गेली, पण ओझं खाली सरकवण्याची गावाची सवय काही कायद्याने जात नाही.

आता या सवयीची दुसरी बाजू. ओझं वाटून घेतलं नाही की राखणारा थकतो आणि त्याच्या जागी भीती गस्त घालू लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने धरलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारे लोक. मोबाइलवर आलेल्या अफवेने गावाला सांगितलं की हे चोर आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांचा जीव गेला. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही चोरांच्या अफवेने लोक रात्री जागत होते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि आमच्या पुणे जिल्ह्यातही रात्री आकाशात ड्रोन फिरल्याच्या बातम्यांनी गावं अशीच ताठ झाली होती. त्या दिवसांत मी रात्री वाडीवस्तीवर जाऊन एकच सांगत होते: अनोळखी दिसला तर अडवा, नाव विचारा, मला फोन करा, पण अंगाला हात लावायचा नाही.

जुना जागल्याही अनोळखी माणसावर नजर ठेवायचा. पण त्याचं काम ओळख करून घेण्याचं होतं. आमच्या गावात आजही मेंढपाळांचा वाडा आला, बहुरूपी आले, नंदीबैलवाले आले की मी त्यांच्या पालावर जाते. नाव, गाव, किती दिवस मुक्काम, कोणाचा फोन नंबर द्यायचा, एवढं लिहून घेते. चहा होतो. पोरांना दवाखान्याचा रस्ता सांगते. गावात मग आपोआप कळतं की हे पाटीलताईंनी पाहिलेले लोक आहेत. वहीतली ती एक ओळ त्यांचंही रक्षण करते आणि गावाचंही.

शहरातही हेच घडल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भिवंडी. यंत्रमागांचं गाव, उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी, सगळे एकमेकांना खेटून. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे भयंकर दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात कमिट्या उभ्या केल्या. सदस्य दोन्ही समाजांतले, पुढाऱ्यांऐवजी साधे रहिवासी, आणि सोबत त्या भागातला पोलीस. बैठका नियमाने. विषय नळाचे, गटाराचे, घरगुती भांडणाचे. मुंबईतल्या दंगलीच्या आधी कितीतरी महिने माणसं एकमेकांची नावं घेऊन बोलायला लागली होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा दंगलीचा शिक्का बसलेली भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचं काम उभं राहिलं.

भिवंडीत नवं यंत्र आलं नव्हतं, जास्तीची फौजही उभी राहिली नव्हती. राखणीचं काम एका खात्याच्या हातून काढून सगळ्यांच्या हाती दिलं, एवढंच झालं. आणि पोलीस तिथे हुकूम द्यायला नव्हे, तर ऐकायला बसला.

म्हणून आमच्या गावात गस्तीचा नियम बदलला आहे. पाळी माणसाची नाही, घराची. घर मळ्यातलं असो, वाडीवरचं असो की गावठाणातलं, पाळी त्या घराची आणि घरातल्याच माणसाची. गडी पाठवलेला चालत नाही. ज्या घरात फक्त बायका आहेत, ती घरं संध्याकाळी फिरस्त्यांची नोंद आणि शाळेच्या पोरींच्या वाटेची देखरेख सांभाळतात. दर पंधरवड्याला वही पारावर मोठ्याने वाचली जाते. कोणाची पाळी चुकली हे सगळ्यांना ऐकू येतं. वाद झाले, रुसवेफुगवे झाले. एका बागायतदाराने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्यांचा मुलगा स्वतः येतो.

पोलिसांनी गावाला मदत मागावी आणि गावाने ती द्यावी, हे आपण सहज बोलतो. द्यायचीच तर ती साऱ्या गावाने द्यावी. जागल्याच्या ऐपतीप्रमाणे आधी वसूल करायचं आणि मग गावाकडे वळायचं, हा क्रम आता उलटा करायला हवा. आधी गाव, आणि गावात सगळे. ज्यांनी आजवर आपल्या झोपेचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यांची पाळी शेवटी लावली तरी त्यांचं देणं फिटणार नाही. पण निदान त्यांच्या दाराला पहिली झडती लागू नये, एवढं प्रत्येक गावाला आपल्या हाताने करता येतं.